कुदळताईचा भाऊ

सुमिओ उरातानीवर दोन पुस्तकं निघाली आहेत. दोन्ही माझ्या दुकानात विकायला होती. तो कुठे जन्मला, तोक्योत कोणाच्या हाताखाली शिकला, त्याची ‘कुदळताई’ ही मांगा, म्हणजे चित्रकथा, अकरा वर्षं कशी चालली, हे सगळं त्यात आहे. बहिणीबद्दल एकच वाक्य आहे, वडील समुद्रात गेल्यावर मोठ्या बहिणीने त्याला वाढवलं, एवढंच. ते वाक्य खोटं नाही. मी लिहितोय ते त्या वाक्याच्या आतलं आहे. लिहावं की नाही हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही, म्हणून गावाचं नाव गाळतो. वाकासाच्या किनाऱ्यावरचं एक छोटं बंदर, एवढं पुरे.

मी आणि सुमिओ एका वर्गात होतो. आमचं दुकान वह्या, टाक, शाई आणि मासिकांचं, आणि त्यांचं समोरच तीन घरं सोडून कोंड्यातल्या बांगड्याचं. बांगडा चिरून मीठ लावायचा, भाताच्या कोंड्यात थरावर थर देऊन लाकडी पिंपात दाबायचा, वर दगड ठेवायचे आणि वर्षभर हात लावायचा नाही, असं ते काम. वडिलांची माकूल पकडणारी होडी परत आली नाही तेव्हा सुमिओ बालवाडीत होता. आई आधीच गेलेली. इतोए, त्याची बहीण, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिने शाळा सोडली आणि मावशीच्या हाताखाली पिंपं भरायला लागली.

इतोएचे पुढचे दोन दात ओठांच्या बाहेर येत. हसताना तिच्याआधी ते हसायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. दगड उचलून दमली की ती दारात बसून भाजलेलं रताळं खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी मोठ्याने बोलायची. सुमिओ शाळेतून रडत आला की म्हणायची, “रडायचं नंतर, आधी जेव.” मी सोबत असलो की मलाही वाढायची. सुमिओ मासे गुंडाळायच्या कागदावर तिला काढायचा, दात हनुवटीपर्यंत आणलेले. ती ते चित्र बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती आणि तिने ते दुकानाच्या भिंतीला भाताच्या खळीने चिकटवलं होतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. सुमिओने पुढे आयुष्यभर स्वतःला हेच सांगितलं, की ती हसली होती.

अठराव्या वर्षी तो तोक्योला गेला. एका नावाजलेल्या चित्रकाराकडे मदतनीस म्हणून राहिला. तिथे माणसं मालक काढतो, बाकी सगळं मदतनिसांनी काढायचं. सुमिओच्या वाट्याला दगड आणि पाऊस आले. तो मला लिहायचा, “या आठवड्यातल्या अंकात डोंगर कोसळलाय बघ, तो मी पाडलाय.” मी अंक घेऊन इतोएकडे जायचो. ती भिंग लावल्यासारखी वाकून त्या दगडांकडे बघायची आणि म्हणायची, “आपल्या पिंपावरचे आहेत की हे.” खरोखरच तसेच होते.

सात वर्षांनी त्याला स्वतःची मालिका मिळाली. एका जहाजावरच्या मुलाची गंभीर गोष्ट होती. आठवड्याला अंक निघतो, वाचक पोरं कार्डं पाठवतात, आवडीप्रमाणे क्रम लागतो आणि तळाला असलेली मालिका संपादक बंद करतात. सुमिओची तळाला होती. शेवटचे काही आठवडे उरले असताना धक्क्यावरच्या निरोपाच्या एका प्रसंगात त्याची एक कोपऱ्यातली चौकट रिकामी राहिली. हात दमलेला होता. त्याने तिथे रताळं खाणारी, दात बाहेर आलेली एक बाई काढून टाकली. तिला गोष्टीत नाव नव्हतं, काम नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संपादकाने त्याला बोलावलं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

“उरातानी, ही कोण?”

“कोणी नाही. जागा रिकामी होती.”

“कार्डांवर सगळे हिलाच विचारतायत. तुझा तो जहाजावरचा मुलगा गेला समुद्रात. पुढच्या आठवड्यापासून हिला बोलायला लाव.”

“काय बोलायला लावू?”

“घरात कोणी बायका नव्हत्या का तुझ्या? त्या काय बोलायच्या?”

अशी ‘कुदळताई’ सुरू झाली. ती दातांनी डबे फोडायची, खेकडे सोलायची, जमिनीतून रताळी उकरायची. गावातल्या दांडगटांना दातात धरून धक्क्यावरून फेकायची. प्रेमात पडली की दात गुलाबी व्हायचे, आणि तो पुरुष पळाला की धाकटा भाऊ म्हणायचा, रडायचं नंतर, आधी जेव. मी खोटं कशाला सांगू, विनोद उत्तम होता. पंचविशीतला मी दुकानात उभ्या उभ्या वाचायचो आणि हसायचो. मग मान वर केली की काचेतून समोर इतोए दगड उचलताना दिसायची.

दोन वर्षांत दूरदर्शनवर कार्टून आलं आणि देशभरच्या पोरांच्या तोंडी ते वाक्य झालं. इतोए अंक न चुकता घ्यायची. दुकान उघडायच्या आधी मागच्या दाराने यायची, अंक एप्रनखाली घालायची आणि म्हणायची, “या वेळी दगड त्यानेच काढलेत की ठेवलाय कोणी मदतनीस?” चित्रांबद्दल एवढंच बोलायची.

गाव मात्र तेव्हाच गप्प झालं. कोणी ठरवलं नव्हतं. शाळेतली दोन पोरं तिच्या दुकानासमोर दात काढून उभी राहिली, तेव्हा त्यांच्या आयांनी त्यांना घरात नेऊन चोपलं. त्यानंतर कुदळताई कोण हे आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. बाहेरून चाहते येत, विचारत, “खऱ्या आयुष्यात कोणी आहे का हो अशी?” आम्ही सगळे, भाजीवाल्यापासून देवळातल्या भटजीपर्यंत, चेहरा कोरा करून म्हणायचो, “छे. कल्पना आहे ती. सेन्सेईंची कल्पनाशक्ती मोठी.” सुमिओला आता सगळे सेन्सेई म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. पलीकडे इतोए गिऱ्हाइकाला बांगडा बांधून देत असायची. चाहते तिच्याकडूनही घेऊन जात आणि बघत नसत, कारण आम्ही बघत नव्हतो.

त्याच सुमारास माझ्या आईने तिच्यासाठी स्थळ आणलं. पलीकडच्या गावचा, देवळांची लाकूडकामं करणारा नाकाबे म्हणून एक विधुर. कमी बोलणारा, हात मोठे. बघण्याचा कार्यक्रम आमच्या माडीवर झाला. चहा मी नेला. नाकाबे आणि इतोए लाकडी पिंपांबद्दल बोलत होते, कोणतं लाकूड मीठ सोसतं वगैरे, आणि मला वाटलं जमलं हे. नाकाबेचा सात वर्षांचा मुलगा सोबत होता. तो बराच वेळ तिच्याकडे टक लावून बघत होता. मग त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तो ओरडला, “बाबा, कुदळताई. खरी कुदळताई आहे.” आणि ते वाक्य म्हणून टाळ्या वाजवायला लागला.

बाप उठून त्याला मारणार, तोच इतोए हसली. नेहमीसारखी मोठ्याने हसली. “मारू नका हो,” ती म्हणाली. “बरोबर बोलतोय. सारखेच आहेत की.” तिने मुलाला जवळ बसवून तांदळाची गोड वडी खायला दिली. नाकाबे जाताना तीनदा वाकला.

दुसऱ्या दिवशी ती आईकडे आली. “नको,” म्हणाली.

“अगं, माणूस नाही म्हणत नाहीये,” आई म्हणाली. “त्याला तू पसंत आहेस. पोराचं काय मनावर घ्यायचं?”

“पोराला मी आवडले, काकू. फार आवडले. तेच तर. त्याला घरात आई हवी. उद्या मी त्याला अभ्यासाला बस म्हटलं तरी तो हसेल.”

आईने पुष्कळ समजावलं. उपयोग झाला नाही. त्या हिवाळ्यापासून इतोए दुकानात तोंडाला कापडी पट्टी बांधून बसायला लागली. कोंडा नाकात जातो म्हणायची. आम्ही सगळे म्हणायचो, हो, कोंडा वाईटच.

सुमिओला हे माझ्या आईने सांगितलं, त्याच्या मावशीच्या अंत्यविधीला तो आला तेव्हा. काळ्या कोटात आमच्या स्वयंपाकघरात उभा होता. आईने कसलाही ठपका न ठेवता सांगितलं, ते जास्त वाईट. तो मला म्हणाला, “निशिदे, तू का नाही कळवलंस?”

“काय कळवायचं होतं?” मी म्हटलं. “या गावात कुदळताई कोणी नाहीच.”

तो त्या रात्री बहिणीकडे राहिला. सकाळी गाडीत बसताना मी विचारलं, बोललास का. तो म्हणाला, “तिने मला तीन वाट्या भात वाढला.”

तोक्योला जाऊन त्याने काय केलं ते सगळ्या वाचकांना माहीत आहे, पण का केलं ते फार थोड्यांना. त्याने कुदळताईचं लग्न लावलं. एक अबोल, मोठ्या हातांचा सुतार आणला. त्याला तिचे दात आवडतात, कोरीवकाम करावं इतक्या प्रेमाने तो त्यांच्याकडे बघतो. दोन अंकांत लग्न झालं. नवरीच्या पांढऱ्या रेशमी टोपीखाली तिचा चेहरा त्याने असा काढला होता की मी अंक मिटून ठेवला. असं काम त्याने आधीही केलं नव्हतं, नंतरही नाही.

कार्डं आली, ती सगळी रागाची. तिला सुखी बघायला आम्ही अंक घेतो का, अशी. क्रम घसरला. संपादक म्हणाले, सेन्सेई, आपली करमणूक आपल्या घरी करा. पुढच्या अंकात कुदळताई कोंड्याच्या पिंपाशेजारी झोपेतून उठते, लग्न स्वप्न होतं, आणि तोंडातून लाळ गळत असते. पोरं फार हसली म्हणे. क्रम पुन्हा वर गेला.

तो अंक इतोएने नेहमीसारखा मागच्या दाराने येऊन नेला. दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, “आधीचा, लग्नाचा अंक एखादा उरलाय का? माझा ओला झाला.” उरला होता. मी तो दिला. दगडांबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही.

मालिका कार्टूनबरोबर संपली. सुमिओने नंतर बरंच काही काढलं, त्यातलं काहीही चाललं नाही. तो गंभीर गोष्टी काढायचा आणि लोक त्यात दात शोधायचे. लग्न झालं, मोडलं. नवीन वर्षाला तो बहिणीकडे यायचा, दोन दिवस राहायचा. दोघं टीव्ही बघत. माझ्यासमोर त्यांनी भांडण केल्याचं मला आठवत नाही, आणि हसल्याचंही नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

आमच्या बाजाराची रया गेली. एकेक करून शटरं खाली आली. सात-आठ वर्षांपूर्वी व्यापारी संघाच्या बैठकीत अध्यक्ष कादोनो, त्यांचं साकेचं, तांदळाच्या दारूचं, दुकान आहे, ब्राँझच्या पुतळ्यांची गोष्ट घेऊन आले. मांगातल्या पात्रांचे पुतळे रस्त्याला बसवले की माणसं फोटो काढायला येतात, बऱ्याच गावांनी बसवलेत. आपल्याकडे तर सेन्सेई आहेत. भाऊ, कुत्रा, दांडगट आणि स्टेशनसमोर, सर्वांत मोठी, कुदळताई. प्रकाशन कंपनीची परवानगी आली होती.

न्हावी ओकी म्हणाला, “भाऊ आणि कुत्रा ठीक आहे. पण ती…”

“ती कोण?” कादोनो म्हणाले.

कादोनो वाईट माणूस नाही. ते ते वाक्य दरडावून नाही म्हणाले, गेली चाळीस वर्षं जसं आम्ही सगळे म्हणत होतो तसंच म्हणाले. ओकी टेबलाकडे बघायला लागला. हरकत घ्यायची तर आधी मान्य करावं लागणार होतं की ती कोणीतरी आहे, तीन दुकानं पलीकडे बसते, आणि रोज स्टेशनवरून जाते. ते मान्य करणं म्हणजे तिच्या तोंडावरची पट्टी ओढणं. आम्ही कोणीच ते केलं नाही. हात वर झाले. माझाही झाला. आणि मग समारंभाच्या आमंत्रणांची वेळ आली तेव्हा तोच पेच दुसऱ्या बाजूने आला. सेन्सेईंच्या सख्ख्या बहिणीला नाही बोलवायचं, तर का नाही बोलवायचं? तिला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली.

सुमिओला हे आमंत्रण हातात पडल्यावर कळलं. तो चार दिवस आधी आला आणि बहिणीकडे न उतरता माझ्याकडे उतरला. केस पांढरे, उजव्या हाताचं मधलं बोट टाक धरून वाकडं झालेलं.

“थांबव हे,” तो म्हणाला.

“मी? मी वह्या विकतो.”

“कादोनोला सांग, सेन्सेई नाही म्हणतायत.”

“तूच सांग ना. का नाही म्हणतायत, असं तो विचारेल. मग काय सांगशील?”

त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, “आधी ताईशी बोलतो. आज बोलतोच.”

गेला. दोन तासांनी आला.

“बोललास?”

“जेवलो.”

“आणि?”

“पुतळ्याचा विषय तिनेच काढला. म्हणाली, पाऊस आला तर तुझ्या कोटाचं काय? छत्री ने.”

चार दिवस हेच चाललं. रोज बोलायला जायचा आणि जेवून यायचा. मी त्याला हसलो नाही. मलाही असंच झालं असतं. पाचव्या दिवशी सकाळी तो शांत दिसत होता. मला वाटलं, त्याने मन घट्ट केलं, समारंभ उरकून परत जाईल. त्याने ठरवलेलं काय होतं ते मला कळलं असतं तर मी त्याला कोंडून ठेवलं असतं. तेवढं धैर्य मला झालं असतं की नाही, ते वेगळं.

स्टेशनसमोर मांडव होता. नगराध्यक्ष, बँडवाली शाळेची मुलं, दूरदर्शनचा कॅमेरा. इतोए राखाडी किमोनो नेसून पहिल्या रांगेत बसली होती, तोंडाला पांढरी पट्टी. दोरी ओढली. कापड खाली आलं. काम चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. कुदळताई एका पायावर उभी, हातात रताळं, आणि दात उन्हात चकाकत होते, कारण लोकांनी हात लावून नशीब मागावं म्हणून तेवढेच घासून पिवळे ठेवले होते. माणसांनी टाळ्या वाजवल्या. इतोएनेही वाजवल्या, सगळ्यांइतक्याच, सगळ्यांबरोबर थांबवल्या.

मग सेन्सेईंचं भाषण. सुमिओ ध्वनिक्षेपक हातात घेऊन मंचावरून उतरला, पहिल्या रांगेसमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. दोन्ही तळवे फरशीवर टेकले, कपाळ फरशीला लावलं. आमच्याकडे एवढी मोठी क्षमा मागतात ती बुडवलेल्या कंपन्यांचे मालक कॅमेऱ्यासमोर. घरचं माणूस घरच्या माणसापुढे असं करत नाही.

“ही माझी ताई,” तो जमिनीत बोलला आणि ते चारी कर्ण्यांतून बाहेर आलं. “कुदळताई हीच आहे. मी हिला न विचारता काढली. हिचे दात मी अकरा वर्षं विकले. हिचं ठरणारं लग्न माझ्यामुळे मोडलं. मी कधी बोललो नाही. ताई, मला क्षमा कर. सगळ्यांसमोर मागतो.”

आधी कोणाला काही कळलं नाही. मग कळलं, ते एकदम. बाहेरून आलेली दोनशे डोकी पुतळ्यावरून तिच्याकडे वळली आणि तिच्यावरून पुतळ्याकडे. आम्ही गावातले मात्र सगळे खाली बघत होतो, आणि त्यामुळेच ते खरं असल्याची खात्री पटत होती. दूरदर्शनची मुलगी तरुण होती, तिचा काही दोष नाही. तिने ध्वनिक्षेपक इतोएच्या पट्टीपर्यंत नेला. “म्हणजे मूळच्या कुदळताई आपणच? केवढा हृद्य क्षण. भावाला काय सांगाल? आणि ते वाक्य एकदा म्हणाल का?”

इतोए उठली. पुतळ्याकडे पाठ करून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. “माझ्या भावावर नेहमी लोभ ठेवता, त्याबद्दल आभारी आहे,” ती म्हणाली. ही आमच्याकडची रोजची रीतीची ओळ आहे, दूधवाल्यालाही म्हणतात. मग ती खुर्च्यांच्या रांगेतून, माफ करा, माफ करा, म्हणत बाहेर पडली आणि घरी चालत गेली. सुमिओ तसाच होता. त्याला उठवायचं कोणी हे कोणाला समजेना. शेवटी बँडवाल्या मास्तरांनी मुलांना वाजवायला सांगितलं.

मी त्याला तिच्या घरी घेऊन गेलो. ती किमोनो बदलून कोंडा चाळत बसली होती. सुमिओ उंबऱ्यापाशी पुन्हा गुडघ्यांवर बसायला लागला.

“नको,” ती म्हणाली. “इथे कॅमेरा नाही.”

“ताई, मला खरंच…”

“खरंच होतं ते. दिसलं मला. बस तिथे. निशिदे-सान, तुम्हीही बसा, उभे का?”

मी बसलो. ती चाळत राहिली. मग म्हणाली, “सुमिओ, या गावात चाळीस वर्षं मला कोणी ओळखत नव्हतं. किती कष्टाने ओळखत नव्हतं, तुला ठाऊक नाही. तू इथे नव्हतास. पोरांना घरात नेऊन मारायचे बिचारे. भटजी खोटं बोलायचे. मी रोज सकाळी दार उघडायचे ते त्यांच्या भरवशावर.”

“मला वाटलं, तुला कोणीतरी विचारायला हवं. सगळ्यांसमोर.”

“मला विचारायचं तर माझ्यासमोर विचारायचं. चार दिवस जेवलास की इथे.”

तिने चाळणीत आणखी कोंडा घेतला.

“लहानपणी काढायचास ते मला चालायचं,” ती म्हणाली. “मांगात काढलंस, तेही कागदावर होतं. मिटता यायचं. आज तू मला काय केलंस, ते तुला कळतंय का? तुला हलकं वाटलं असेल. वाटलं का?”

सुमिओ म्हणाला, “नाही.” मग म्हणाला, “तिथे वाकलो तेव्हा वाटलं होतं. थोडं.”

“खरं बोललास,” ती म्हणाली, आणि चाळण खाली ठेवली. “आता जा. या वर्षी नवीन वर्षाला येऊ नकोस. पुढचं पुढे बघू.”

बातम्यांत ते त्याच संध्याकाळी दाखवलं, मागे संगीत लावून. मग माणसं यायला लागली. पुतळ्याचे दात चोळायची आणि नंतर दुकान शोधत यायची. काकू, एक फोटो. काकू, ते वाक्य. इतोएने पुढचं दार बंद केलं आणि बांगडा ठोकच विकायला लागली. गावातल्यांनी ओशाळून खूप खरेदी केली. दोन माणसांच्या घरांत दहा-दहा बांगडे गेले. तिला ते समजत होतं, आणि तिने कोणाला नाही म्हटलं नाही. पुतळा हलवायचा ठराव ओकीने मांडला तेव्हा कादोनो स्वतः तिला विचारायला गेले. ती म्हणाली, “राहू दे. आता तिला हलवून काय?” कादोनो माझ्या दुकानात येऊन अर्धा तास पेन्सिली बघत बसले, एकही घेतली नाही.

सुमिओ पुढच्या नवीन वर्षालाही आला नाही. आधी मला फोन करून विचारायचा, ताई काही म्हणाली का. मी म्हणायचो, नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने विचारलं, बोनच्या, पूर्वजांच्या सणाला, आईवडिलांच्या थडग्याला पाणी घालायला तरी येऊ का, तिला विचारशील? मी घाबरत विचारलं. तिने बोटांवर दिवस मोजले. “आईबाप त्याचेही आहेत,” ती म्हणाली. “मी सणाच्या पहिल्या दिवशी पहाटे जाते. त्याला म्हणावं, दुसऱ्या दिवशी ये.”

तो दुसऱ्या दिवशी आला. स्टेशनवर उतरून पुतळ्याकडे न बघता मान घालून पुढे गेला, तरी एका मुलीने त्याला ओळखून वहीत सही मागितली. त्याने सही केली. मुलगी म्हणाली, चित्रही काढा ना. तो म्हणाला, हात चालत नाही.

डोंगरातल्या थडग्यांपर्यंत मी त्याच्यासोबत गेलो. त्याने बादली, ब्रश, फुलं, उदबत्त्या, सगळं आणलं होतं. उरातानींचा दगड आदल्या दिवशी घासून धुतलेला होता. फटींतलं शेवाळसुद्धा कोरून काढलेलं. दोन्ही फुलदाण्या भरलेल्या, तिसरं फूल मावणार नाही इतक्या. उदबत्तीची राख पुसलेली. त्याला करायला काहीही ठेवलेलं नव्हतं.

तो बादली घेऊन बराच वेळ उभा राहिला. फुलं कुठे ठेवू, असं मला विचारलं. मी म्हटलं, खाली ठेव. त्याने ती पायथ्याशी आडवी ठेवली, आणि पळीने त्या स्वच्छ दगडावर पाणी घालायला लागला. बादली संपल्यावर नळावर जाऊन पुन्हा भरून आणली. मी सावलीत थांबलो. बाराची बस जवळ आली तेव्हा त्याला हाक मारावी लागली.